सुभद्राची काळी भाकर

सुभद्राला ठाऊक होतं का? गेला महिनाभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ती जाऊन शंभरावर वर्षं झाली. मी तिला पाहिलेलं नाही, तिचा फोटोही कुणाकडे नाही. ती माझ्या आजीची आजी. तरी रात्री ओटा आवरून झाला की तीच आठवते, आणि तिला ठाऊक नव्हतं असंच निघावं, असं मनापासून वाटतं.

आमच्याकडे ती ओळखली जाते तिच्या खाण्यावरून. जुन्या माणसांच्या खाण्याच्या गोष्टी निघाल्या की कुणी चिंचोके भाजून खाणाऱ्या मामाची सांगतं, कुणी सरकी वाटून तिचं दूध पिणाऱ्या काकूची. आमच्यात सुभद्राची काळी भाकर निघते. घरात चांगली पांढरीशुभ्र ज्वारी असताना ती स्वतःपुरती ज्वारी एका मडक्यात भरायची, तोंड मातीनं लिंपायची आणि ते मडकं गुरांच्या कोठ्यातल्या ओल्या कोपऱ्यात पुरायची. दोन-तीन महिन्यांनी उकरलं की दाणे काळपट, कुबट झालेले असायचे. ते धुवायचे, वाळवायचे, दळायचे आणि त्याची भाकर एकटीनं खायची. आजी लहानपणी शेजारी बसली की नाक दाबायची.

"काहून खातं व हे, आजी? ढोरंबी तोंड लावत नाईत."

"मले गोड लागते."

पण दुसऱ्या कुणाला तिनं कधी तुकडा दिला नाही.

कुणी म्हणायचं नवस असेल. कुणी म्हणायचं, त्या काळी ज्वारी पेवात साठवत, जमिनीत खणलेल्या मडक्याच्या आकाराच्या खोल खड्ड्यात. कडेची ज्वारी दबून काळी व्हायची, आणि म्हाताऱ्यांना त्या वासाची चटक लागलेली असायची. मीही पुष्कळ वर्षं तेच खरं मानलं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना आजीनं मला एकटीला बसवून दुसरंच सांगितलं.

सुभद्राचं सासर नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. घरात दोन भाऊ. थोरला खुशालराव सुभद्राचा नवरा, धाकटा चंद्रभान. त्याची बायको जयवंता. सासू पार्बताबाई बाजेला खिळलेली. दोघा भावांनी आधी निम्मं वावर कापसाखाली घेतलं, मग सगळंच. ज्वारीसाठी दरवर्षी राखायची पट्टीसुद्धा त्या साली राखली नाही.

"ज्वारी काय, बाजारात भेटते," खुशालराव म्हणाला.

गावातल्या प्रत्येक घरानं हेच म्हटलं होतं. त्यामुळे बाजारात ज्वारी आलीच नाही.

माघात भावांनी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरल्या आणि अमरावतीचा रस्ता धरला. येताना ज्वारी आणायची होती. अमरावतीत कुणीतरी सांगितलं, अकोल्याला यापेक्षा चढा भाव आहे. बंड्या तशाच पुढे गेल्या. हे घरी बायकांना कळायला मार्ग नव्हता. त्या रोज संध्याकाळी वाटेकडे बघत राहिल्या.

घरात न विकलेला कापूस माणूसभर उंच, आणि चुलीवर चिंचोके. चिंचोके संपल्यावर सरकी भाजून कुटली. मग गुरांना घालायची सरकीची ढेप फोडून अंबाडीच्या वाळल्या पाल्यात शिजवली. जयवंताचा नत्थू चार वर्षांचा होता, तो कसंबसं गिळायचा. सुभद्राची माणिक दीड वर्षाची. तिला सरकीनं हगवण लागली. चौथ्या दिवशी तिनं रडणंही सोडलं.

तेव्हा पार्बताबाईला अंगणातलं जुनं पेव आठवलं. तीन वर्षांपूर्वी वरची ज्वारी काढली होती, तळाची तशीच होती.

"हाय थोडीशी," ती म्हणाली. "पण तोंड उघडून दोन राती मोकळं ठेवा. मंग दिवा सोडा. इझला त कोनी उतरू नका. माहा दीर असाच गेला."

पेवाच्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो, हे तिकडच्या पोराटोरालाही माहीत असायचं. त्याच संध्याकाळी दोघी जावांनी तोंडावरचा दगड सरकवला. रात्रभर पेव उघडं राहिलं. सकाळी माणिक डोळे उघडेना. तळव्याला तळवा घासला तरी पोर थंडच.

दुसऱ्या रात्रीची वाट सुभद्रानं पाहिली नाही.

तिनं टोपलीत दिवा ठेवला आणि दोरीनं खाली सोडला. जयवंता पलीकडे कासोटा खोचत होती. पेवाचं तोंड अरुंद, सुभद्रा अंगानं थोराड. उतरायचं जयवंतानंच, हे न बोलता ठरलेलं होतं.

"दोरी नीट धरजा बरं, बाई," जयवंता म्हणाली. "नाई त मले खाली सोडून दोघी सासू-सुना भाकरी चापसान!"

"तुले बरं हासू येते."

"मंग का रडू? पोटात काई असन त रडता येते." मग तिनं वाकून पाहिलं. आत काळोख होता. "इझला काय व, बाई?"

"वाऱ्यानं इझला," सुभद्रा म्हणाली. "उतर."

जयवंता उतरली. पहिली टोपली भरून वर आली. दाणे काळे, वास डोक्यात जाणारा, पण ज्वारी होती. दुसरी टोपली अर्धीच आली. तिसऱ्यांदा टोपली खाली गेली आणि दोरीला ओढ लागलीच नाही.

"जयवंते! अवं जयवंते!"

सुभद्रानं तोंडाशी वाकून हाका मारल्या. तिचंच डोकं जड झालं, म्हणून ती मागे सरली. त्या वेळी ती धावत गल्लीत गेली असती, चार माणसं गोळा केली असती, तर जयवंता वाचली असती की नाही, कोण सांगणार? ती गेली नाही. तिनं वर आलेली ज्वारी घरात नेली, मूठभर ज्वारी धुतली, जात्यावर भरडली, पाण्यात शिजवली आणि ते काळं पाणी बोटानं माणिकच्या जिभेला लावलं. पोरीनं ओठ हलवले. वाटीभर पोटात गेल्यावर सुभद्रा दाराबाहेर आली आणि ओरडली.

माणसं जमली. जयवंताला वर काढलं, तेव्हा तिच्या ओच्यात मूठभर दाणे होते.

"मी पोरीजवळ होती," सुभद्रानं सगळ्यांना सांगितलं. "थे कवा उतरली, मले काय मालूम? तिले भूक आवरली नसन."

बाजेवरून पार्बताबाईनं सुनेकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौथ्या दिवशी बंड्या आल्या. त्यांत ज्वारीची पोती होती. चंद्रभाननं बायकोबद्दल ऐकलं ते असं: घरच्यांना चोरून पेवात उतरली, एकटीनं खाण्यासाठी. त्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नत्थूला मामानं वलगावला नेलं, तो तिकडेच वाढला. पुढच्या साली लढाई संपली, कापूस पडला, वावरात पुन्हा ज्वारी दिसू लागली. अंगणातलं पेव बुजवलं. माणिक जगली, तिची मुलगी माझी आजी. त्या दीड टोपली ज्वारीवर आम्ही सगळे जगलो आहोत.

सुभद्रा फार म्हातारी होऊन गेली. जायच्या थोडं आधी तिनं आजीला हे सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "त्या रोजी झाडाचं पानबी हालत नव्हतं."

"मंग तुले माईत होतं, आजी? दिवा कायनं इझला थे?"

सुभद्रानं ताटातली काळी भाकर मोडली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

आजी हे सांगून रडली नाही, मीही नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते; मला सुभद्राचा राग आला. नंतर मला मुलगी झाली. एका रात्री तापात तिचे डोळे फिरले, तेव्हा दवाखान्याच्या रांगेत पुढे असलेल्या बाईला मी काय काय खोटं सांगितलं, ते मी कुठे लिहिलेलं नाही. तिच्या कडेवरही मूल होतं. त्यानंतर सुभद्राचा राग उरला नाही, भीती उरली.

आणि मागच्या महिन्यात वलगावला एका तेरवीला गेले. समोरच्या पंगतीत महादेवराव बसले होते. नत्थूचे नातू, वय शहाऐंशी. त्यांनी दुसऱ्यांदा बुंदी मागितली. वाढणारा पोरगा नात्यातलाच, मोठ्यानं म्हणाला, "आबाजी, दमानं! पेवात उतरल्यावानी काहून करून राहिले? घराण्याची खोड जात नाई काय?"

पंगत हसली. दीडशे वर्षांनंतरही त्या घराला हेच ऐकावं लागतं. लग्नात, तेरवीत, पोरी पाहायला येणाऱ्यांच्या कुजबुजीत. महादेवरावही हसले. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "राहू दे, बापा." मग बुंदी घेतलीच नाही.

मीही हसले होते. ओळखीची माणसं हसत होती म्हणून.

जयवंता चोरून उतरली नव्हती. तिला उतरवलं होतं, घरातल्या सगळ्यांसाठी ज्वारी काढायला. तिच्या ओच्यातले दाणे टोपलीत टाकायचे राहिलेले होते. हे माहीत असलेली आता मी एकटी आहे. माझ्या आईला आजीनं सांगितलं नाही, मी माझ्या मुलीला सांगितलं नाही. मी गप्प राहून मेले, तर सुभद्राचं खोटंच खरं म्हणून राहील.

महिनाभर मी स्वतःला सांगत होते की आधी सुभद्राला ठाऊक होतं की नाही ते ठरू दे, मग बोलू. ते कधीच ठरणार नाही. महादेवरावांना त्याची गरजही नाही. त्यांना त्यांच्या पणजीचं खरं हवं, आणि तेवढं माझ्याजवळ आहे.

रात्रीचे दोन वाजत आले. त्यांच्या नातीनं तेरवीच्या दिवशीच नंबर दिला होता, आबाजी पाचला उठून चहा घेतात असंही म्हणाली होती. पाच वाजता मी फोन लावणार आहे. ते रागावतील, कदाचित ठेवून देतील. ठेवला, तर पुन्हा लावीन.