विमानाला अर्थिंग कुठून द्यायचं?

माझ्या नातवंडांनो,

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या वादळात आबांचं विमान मोडलं, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंच आहे. ते खरं आहे. पण परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, ते कधी खरंच उडलं होतं का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुमच्यापर्यंत फक्त मोडलेलं विमान पोचलं आहे. आधीचं काहीच पोचलेलं नाही. म्हणून हे आताच लिहिते, माझ्या डोक्यात सगळा क्रम नीट आहे तोवर. मराठीत लिहिते. कुठे अडलं तर बाबांना विचारा. त्या निमित्ताने त्यांचंही वाचून होईल.

आबांचं जळगावात विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तांत्रिक विभागात होते. माझं शिक्षण इंग्रजीत झालं होतं, त्यामुळे घरात आलेल्या कुठल्याही वस्तूचं माहितीपुस्तक आधी माझ्या हातात यायचं. वर्कशॉप बंद केल्यावर आबांनी परदेशातून दोन माणसांच्या छोट्या विमानाचे सुटे भाग मागवले. अॅल्युमिनियमचे पत्रे, नळ्या आणि पेट्याच पेट्या. मागच्या शेडमध्ये त्यांनी एकेक पत्रा रिव्हेट मारून जोडला. मी पुस्तक वाचून दाखवायची आणि ते काम करायचे. ते विमान कधीतरी दुसऱ्या कुणीतरी चालवायचं आणि आपण शेजारी बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सांगाडा उभा राहिला आणि वायरिंगची वेळ आली, त्याच सुमारास त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कंप असलेल्या हाताने रिव्हेट मारता येते, कारण हत्यार जड असतं आणि हाताला धरून ठेवतं. पण तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेत केसासारख्या तारा घालता येत नाहीत. एका सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर ते टेबलाशी नुसते बसले होते. समोर वाकड्या पिनांचा ढीग होता.

"त्या इंदूरच्या माणसाला कळव," ते म्हणाले. "आहे तसं घेऊन जा म्हणावं."

इंदूरच्या एका गृहस्थांनी अर्धवट विमान विकत मागितलं होतं. तुमचे बाबाही फोनवर तेच सांगत होते, आई, आता द्या कुणालातरी.

मी चहा ठेवला. "पक्कड इकडे द्या."

"तुला जमेल?"

"उभ्या जन्मात तुम्ही केलेली मोटार मी तपासायला उघडली नाही. तुम्ही माझी केबल कधी बघितलीत?"

आमच्या एक्सचेंजमध्ये केबलींच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायची पद्धत होती. ठरावीक अंतरावर गाठ, आणि प्रत्येक गाठ आधीच्या गाठीला ओढून घट्ट होणारी. ती सुटत नाही, घासत नाही, आणि एखादी वायर बाहेर काढायची असेल तर नेमकी तेवढीच गाठ कापता येते. विमानाच्या पुस्तकातही हीच पद्धत दिली होती. ते वाचून मला जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आबांचा भरवसा मात्र काळ्या टेपवर. मी शेडच्या खिडकीत टेप गुंडाळलेला एक तुकडा ठेवला आणि आपल्या उन्हाला त्याचं काम करू दिलं. दोन दिवसांत गोंद पाझरून खाली आला. आबांनी टेपची गुंडाळी उचलून आत ठेवली.

मी रोज सकाळी ऊन चढायच्या आत बसायची. बॅटरीपासून स्विचेस, स्विचपासून दिवे, रेडिओ, इंजिनाचं तापमान दाखवणारा पडदा, कानावर लावायच्या हेडफोनचे जॅक. अर्थच्या काळ्या सोडल्या तर वायरी सगळ्या पांढऱ्या, म्हणून दोन्ही टोकांना क्रमांक घालायचे. शेजारच्या काकू पापड वाळत घालायला जाता जाता डोकावल्या.

"अक्का, वेणी घालताय का हो?"

"हो. विमानाची."

"मग गजरा पण माळा एखादा. पोरीचं लग्न जमेल."

फक्त एका गोष्टीवर माझं आणि आबांचं जमलं नाही, ती म्हणजे अर्थिंग, यंत्रात गळलेली वीज जमिनीत उतरवणारी वायर. हे तुम्हाला नीट समजावते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि सुक्या मातीत अर्थिंग काम करत नाही. म्हणून पंपापाशी खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरतात, तांब्याची पट्टी पुरतात, आणि वैशाखात घरची बाई त्यात घागरभर पाणी ओतते. तरी भरवसा नको म्हणून शहाणा माणूस एका पंपाला दोन-तीन ठिकाणी अर्थिंग देतो. ओल्या पंपाला हात लागून शॉक बसलेली माणसं आबांनी पाहिली होती. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, "अर्थिंग जास्त झालं म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही."

मी म्हटलं, "आमच्या एक्सचेंजला अर्थची पट्टी एकच. सगळ्या रॅकच्या वायरी तिथेच येणार."

"एक्सचेंज जागच्या जागी बसलेलं असतं. हे हलणार आहे. एक वायर निसटली तर?"

विमान त्यांचं होतं, आणि हा मुद्दाही अगदीच वेडगळ नव्हता. मी त्यांचं ऐकलं. प्रत्येक यंत्राची काळी वायर सगळ्यात जवळच्या पत्र्याला स्क्रूने कसली.

परवानग्या हातात आल्यावर पंख काढून ट्रकवर घातले आणि विमान धुळ्याच्या धावपट्टीवर न्यायला निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो तर ट्रकभोवती ही गर्दी. एक म्हातारबाबा ताडपत्री वर करून बघत होते.

"हाई काय शे भाऊ?"

"इमान शे," आबा म्हणाले.

"बठ्ठं घरच बनाडं का? उडी का पण?" म्हणजे सगळं घरीच बनवलं का, आणि उडेल का.

"उडी ना! तुमन्या म्हशी तेवढ्या सांभाळा."

त्या दिवशी मी त्यांना बऱ्याच काळाने असं हसताना पाहिलं.

विमान पहिल्यांदा उडवायला एक निवृत्त प्रशिक्षक आले होते. शिस्तीचे, कमी बोलणारे. पंख जोडून झाले, सगळं तपासून झालं, त्यांनी इंजिन सुरू केलं. मी शेजारच्या जागेवर हेडफोन लावून बसले होते. इंजिन लागलं आणि कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. इंजिनाचा वेग वाढला तशी शिट्टी चढत गेली. बाहेरून कुणी रेडिओवर बोललं तर त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. प्रशिक्षकांनी इंजिन बंद केलं.

"आबा, यात तर पिठाची गिरणी चालू आहे," ते म्हणाले. "खालचा माणूस काय सांगतोय ते मला ऐकू यायला हवं. असं असेल तर मी वर जाणार नाही. एखादा फिल्टर लावून बघा. नाहीतर राहू द्या."

आबा धावपट्टीजवळच्या शेडच्या सावलीत जाऊन बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "झालं. इंदूरला फोन कर."

मी फोन केला नाही. आयुष्यभर मी लोकांच्या लाइनीवरचे असले आवाज ऐकले होते, आणि आवाज कुठून तरी येतो एवढं मला पक्कं ठाऊक होतं. प्रशिक्षकांना विनंती केली, अजून एकदा इंजिन लावा, जमिनीवरच. मी एकेक स्विच बंद करत गेले. दिवे बंद केले, शिट्टी तशीच. पडदा बंद केला, तशीच. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद केला तशी ती थांबली. परत चालू केला आणि पान्याने हेडफोनच्या जॅकचा नट सोडवला. जॅक पॅनेलच्या भोकातून मागे ओढून बोटांत अधांतरी धरला, कुठल्याही पत्र्याला लागू न देता. शिट्टी जवळजवळ गेली. पत्र्याला टेकवला की परत आली. मी प्रशिक्षकांकडे पाहिलं. त्यांनी हेडफोनवर हात दाबून मान हलवली.

इंजिन थांबल्यावर मी आबांना बोलावलं.

"जमिनीत पुरलेल्या अर्थिंगमधला करंट जमीन पोटात घेते," मी म्हणाले. "विमानाखाली जमीन असणार आहे का? याचा पत्रा हीच याची जमीन. आणि त्याच पत्र्यावरून अल्टरनेटरचा करंट परत जातोय. आपण वीस ठिकाणी अर्थ दिला, म्हणजे त्या आवाजाला माझ्या कानात शिरायला वीस दारं उघडी ठेवली."

त्यांनी वाकून पॅनेलखाली पाहिलं. "म्हणजे सगळं उघडायचं?"

"सगळं नाही. काळ्या वायरी. पण एकूण एक."

"तुझ्या गाठी कापाव्या लागतील."

"बांधल्या मी. कापीन मीच."

"आणि मी काय करू? बसून बघू?"

"तुम्ही तांब्याची पट्टी करा. सगळ्या काळ्या वायरी बसतील एवढी. ती मला जमणार नाही."

धुळ्यात आम्ही एक खोली घेतली. आबांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून तांब्याची जाड पट्टी आणली, कानशीने तिच्या कडा मारल्या आणि ड्रिलच्या स्टँडवर भोकं पाडली. जड यंत्राला हात टेकलेला असला की त्यांचा कंप दिसतही नाही. ती पट्टी इंजिनामागच्या भिंतीवर बसवली आणि तिथून बॅटरीला जाडजूड वेणीदार पट्टा दिला. मग मी एकेक काळी वायर पत्र्यावरून सोडवून लांबवत तिथपर्यंत आणली. जॅकच्या भोकांत प्लास्टिकच्या चकत्या घातल्या, म्हणजे ते पॅनेलला लागणार नाहीत. काही वायरी आखूड पडल्या, त्या अख्ख्या बदलल्या. जोड मारला नाही.

प्रत्येक पिन दाबल्यावर ती ओढून बघायची असते. ते काम मी आबांना दिलं. पहिली वायर त्यांनी धरली आणि हात थरथरायला लागला तशी लगेच खाली ठेवली.

"हा हात यात नको."

"हाच हवा," मी म्हटलं. "विमानही वर थरथरणारच आहे. तुमच्या हातात टिकली तर तिथेही टिकेल."

"टोमणा मारतेस?"

"काम सांगतेय. ओढा."

त्यांनी सगळ्या ओढल्या. दोन निसटल्या. त्या मी पुन्हा दाबल्या आणि ते नाक वर करून म्हणाले, "म्हणे एक्सचेंजवाल्या बाई!" मी ऐकून घेतलं.

मग पुन्हा गाठी, पहिल्यापासून.

पुढच्या वेळी इंजिन लागलं तेव्हा मी हेडफोन लावलेच नाहीत. बाहेर उभी राहिले. प्रशिक्षकांनी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. मग माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. त्या आठवड्यात ते एकटेच अनेकदा वर गेले आणि नेमून दिलेल्या सगळ्या चाचण्या पुऱ्या केल्या. शेवटी एका सकाळी त्यांनी शेजारचं दार उघडलं.

"चला आबा."

मी हातातला छोटा रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान उत्तरेकडे ठिपक्याएवढं झालं. मग रेडिओवर आवाज आला, घरातल्या घरात बोलल्यासारखा.

"अगं, सोनगीरचा किल्ला दिसतोय. पुरा तळहातावर. ऐकू येतंय का?"

"स्वच्छ येतंय."

शिट्टी नाही, खरखर नाही.

"मग पुरतं म्हणायचं एक अर्थिंग," ते म्हणाले.

तर धाकटे, हो. उडलं होतं. त्यानंतरही पुष्कळदा उडलं, आणि एकदा मीही बसले. वार्षिक तपासणीसाठी पंख काढून जळगावला आणलं होतं तेव्हा ते वादळ आलं. यावलकडच्या केळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. आपल्या शेडचे पत्रे उडाले आणि कडुनिंब विमानावर पडला. सकाळी आम्ही बघायला गेलो. आबांनी चेपलेल्या शेपटीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आधी वायरिंग बघ."

पंख आणि सांगाडा भंगारात गेले. इंजिन एका दुसऱ्या बांधणाऱ्याने नेलं. वायरिंग मी एकही वायर न कापता बाहेर काढलं. ते पॅनेलसकट आणि आबांच्या तांब्याच्या पट्टीसकट शेडच्या नव्या भिंतीवर लावलं आहे. गाठी सगळ्या जागेवर आहेत. बॅटरी जोडली की दिवे लागतात, रेडिओ चालतो आणि हेडफोनमध्ये कसलाही आवाज येत नाही.