पुढच्या ब्रेकचा पाइप

चाळिशी उलटल्यावर मी मोटरसायकल घेतली, तेव्हा घरात कुणालाच फारसं आश्चर्य वाटलं नाही. पुण्यात कॉलेजपासून लग्नापर्यंत माझा एकही दिवस दुचाकीशिवाय गेला नव्हता. शारजात आल्यावर मात्र नऊ वर्षं कारमध्ये बसून काढली. रोज सकाळी दुबई मरीनातलं ऑफिस गाठायचं, संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून परत यायचं. मग एक सहकारी कायमचा कॅनडाला निघाला आणि त्याची चारशे सीसीची गाडी मी घेतली. नवऱ्याने एकदाच विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हणाले, आणि विषय संपला.

ती गाडी चार वर्षं माझ्याकडे होती आणि एकदाही बंद पडली नव्हती. उन्हाळ्यात पन्नास अंशांपर्यंत तापलेल्या पार्किंगमध्ये महिना-महिना उभी राहायची, आणि ऑक्टोबरमध्ये बटण दाबलं की पहिल्या झटक्यात सुरू. त्याचा मला फार अभिमान होता. कुणीही विचारो न विचारो, मी सांगायचे.

त्या नोव्हेंबरमध्ये बाबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. बाबा आयुष्यभर सरकारी बसडेपोत मेकॅनिक होते. पहाटे गाड्या मार्गावर जाण्याआधी त्या तपासून कार्डावर सही करायची, हे त्यांचं शेवटच्या तीस वर्षांतलं काम. वय बहात्तर, पण जिने अजून माझ्याआधी चढतात. आल्या आल्या त्यांनी पार्किंगमध्ये जाऊन माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. मी त्यांना कबूल केलं होतं की हवा थंड झाली की शनिवारी सकाळी डोंगरातून खोरफक्कानच्या समुद्रापर्यंत मागे बसवून नेईन. फक्त त्याआधी मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, नव्याने करून घ्यायचं होतं. त्यासाठी दर वर्षी गाडीची टेस्ट असते. आम्ही सगळे त्याला पासिंगच म्हणतो.

गुरुवारी मी हाफ डे घेतला. बाबा म्हणाले, "मी येतो. इथे कसं करतात बघू दे तरी."

आमच्या लेकीने मोबाइलमधून मान वर न करता त्यांना धीर दिला, "आबा, इट्स जस्ट अ फॉरमॅलिटी. मम्माज बाईक नेव्हर ब्रेक्स डाऊन."

टेस्टिंग सेंटरमध्ये बाईकसाठी वेगळी लेन होती. पुढे डिलिव्हरीच्या तीन-चार गाड्या उभ्या होत्या. तपासणारा इन्स्पेक्टर पन्नाशीचा, बारीक, निळी टोपी घातलेला. हिंदी बोलत होता, केरळी वळणाची. मी हेल्मेट काढल्यावर त्याने मागे पाहिलं, बहुधा चालवणारा कोण ते शोधायला. मग म्हणाला, "मॅडम, साइड में."

त्याने पुढचं चाक हलवून पाहिलं, चेन बोटाने उचलून पाहिली, टायरवरची तारीख वाचली, दिवे, इंडिकेटर, हॉर्न. मग हँडल एका बाजूला पूर्ण वळवून तो खाली बसला आणि बॅटरी मारून पुढच्या चाकामागे बराच वेळ बघत राहिला. उठला, टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "फेल."

"फेल? किस में?"

"हेडलाइट ऊपर मार रहा है, वो छोटी बात है. आगे के ब्रेक का पाइप खराब है. पूरा क्रॅक."

माझा पारा चढला. मी त्याला सांगितलं की सर्व्हिस वेळेवर होते, गाडी चार वर्षांत एकदा बंद पडलेली नाही, मागच्या वर्षी इथेच पास झाली आहे. आवाज जरा वरच लागला असावा, कारण डिलिव्हरीवाले वळून बघायला लागले. इन्स्पेक्टर शांतपणे उभा होता. त्याला अशी भाषणं रोज ऐकावी लागत असणार.

मी मदतीसाठी बाबांकडे पाहिलं. ते पिवळ्या रेषेच्या पलीकडे उभे होते. त्यांनी हात वर करून विचारलं, "साहब, मैं देखूं?"

इन्स्पेक्टरने मान हलवली. बाबा आले, गुडघ्यावर बसले आणि चष्मा कपाळावर ढकलला. काळा रबरी पाइप जिथे क्लिपखाली जातो तिथे त्यांनी तो अंगठ्यावर अलगद वाकवला. रबर उकललं आणि आतल्या विणीचे पांढरट धागे दिसले.

बाबा उठले. "बरोबर आहे त्यांचं," मला म्हणाले. आणि इन्स्पेक्टरला, "आपने अच्छा देखा. कोई नहीं देखता उधर."

मला इतकं अपमानास्पद वाटलं की काय सांगू. परक्या माणसासमोर माझ्या वडिलांनी माझी बाजू सोडली होती. मी गाडी बाहेर ढकलत आणली आणि हेल्मेट चढवायला लागले.

"काय करतेस?"

"गॅरेजला जाऊ. इंडस्ट्रियल एरिया वीस मिनिटांवर आहे."

"ही गाडी चालवत नाही जायची."

"बाबा, आत्ता हिच्यावरच आलो ना आपण!"

"आलो तेव्हा माहीत नव्हतं." त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. शाळा संपल्यापासून मी त्यांना असा आवाज लावताना ऐकलं नव्हतं.

शेवटी मी रिकव्हरीचा ट्रक बोलावला. पंजाबी ड्रायव्हरने गाडी मागे पट्ट्यांनी बांधली आणि आम्ही दोघं पुढे त्याच्या शेजारी बसलो. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. बाबा म्हणाले, "तुला चिक्कीवाले काका आठवतात?"

आठवत होते. लहानपणी बाबा दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचे, कधी मलाही न्यायचे. ते काका नेहमी डाव्या हाताने चिक्की द्यायचे आणि मला ते उद्धट वाटायचं.

"त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता," बाबा म्हणाले. "ते आमच्या डेपोचे ड्रायव्हर. दिवाळीची गर्दी होती, गाड्या कमी. एका गाडीच्या ब्रेकच्या पाइपला मला ओल दिसली. मी थांबवली. वरचे साहेब म्हणाले, एवढी एक खेप जाऊ दे, आली की करू. मी सही केली."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. घाट उतरताना पेडल खाली गेलं. काकांनी दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या कडेला घासत घासत उभी केली. प्रवाशांना मुका मार लागला. काकांचा हात तीन ठिकाणी मोडला, आणि ते परत कधी स्टेअरिंगवर बसले नाहीत. डेपोने त्यांना खिडकीत तिकिटांवर बसवलं.

"त्यांना माहीत होतं? सही तुमची होती ते?"

"पहिल्याच रविवारी सांगितलं मी. मला वाटलं, घराबाहेर काढतील. ते म्हणाले, डेपोतून निघतानाच मला पेडल मऊ लागलं होतं. मीही बोललो नाही. मग दोघं चहा प्यायलो."

आईला हे माहीत होतं, बाबा म्हणाले. आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही.

मला एक गोष्ट आठवत होती आणि ती बाहेर पडत नव्हती. गेला महिनाभर माझ्या ब्रेकचा लिव्हर जरा जास्त आत यायला लागला होता. लिव्हरवर एक छोटं चाक असतं, बोटांच्या लांबीप्रमाणे तो जवळ-लांब करायला. मी ते एक घर फिरवलं होतं. दोन आठवड्यांनी आणखी एक घर. हाताला बरं वाटलं आणि मी विसरून गेले.

"बाबा," मी म्हणाले, "लिव्हर मऊ लागत होता मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातावर दोनदा थोपटलं फक्त.

इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजचे उस्ताद, म्हणजे मुख्य मेकॅनिक, पेशावरकडचे, पांढरी दाढी, खांद्यावर फडकं. त्यांनी पाइप पाहिला आणि मला लिव्हर पूर्ण ताकदीने दाबायला सांगितलं. मी दाबला. पाइप एका जागी सुपारीएवढा फुगला. "और जोर से." तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्या फुगवट्याखाली तेलाचा एक थेंब आला, मग दुसरा, आणि लिव्हर माझ्या मुठीत थेट हँडलला जाऊन टेकला. ब्रेक नव्हताच.

"बाजी, पहाड जाना था?" उस्तादांनी विचारलं. बाजी म्हणजे ताई.

"परसों."

त्यांनी कानाला हात लावला आणि कामाला लागले. काम करता करता बाबांशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. उस्ताद सांगत होते, इंजिन बिघडून इथे कमी गाड्या येतात. इंजिनं आजकाल चांगलीच बनतात. टेस्टमध्ये नापास होतात त्या अशाच गोष्टींनी: सैल चेन, डिलिव्हरीची पोरं वापरतात ते झिजून गुळगुळीत झालेले टायर, झिजलेले ब्रेक पॅड, आणि इथल्या उन्हाने भाजलेलं रबर. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. "इंजन रुक जाए तो आदमी खुद आता है मेरे पास," ते म्हणाले. "ये चीजें रोकती नहीं, इसलिए कोई आता नहीं."

हेडलाइट खाली करून झाला, नवा पाइप बसला, मग आतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. उस्ताद पान्हा घेऊन खाली बसले, आणि लिव्हर धरायला मी पुढे होणार इतक्यात बाबांनी बाही दुमडली. उस्ताद म्हणायचे, "दबाओ." बाबा दाबून धरायचे. उस्ताद स्क्रू सैल करायचे, पारदर्शक नळीतून बुडबुडे जायचे, स्क्रू घट्ट. "छोडो." बाबा सोडायचे. पाच-सहा वेळांनंतर उस्तादांना शब्द लागेनात. दोन अनोळखी म्हातारी माणसं जन्मभर एकत्र काम केल्यासारखी एकमेकांच्या हाताकडे बघून करत होती. बुडबुडे थांबले तेव्हा बाबांनी लिव्हर एकदा दाबला आणि मला म्हणाले, "बघ." दगडासारखा लागला तो हाताला. ब्रेक असा लागायला हवा हे मी विसरूनच गेले होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा टेस्टला गेलो. तोच इन्स्पेक्टर होता. त्याने हँडल वळवलं, खाली बसला, पाहिलं, उठला. "पास."

मी रात्रभर जुळवलेली वाक्यं विसरले. एवढंच म्हणाले, "कल मैंने आपसे ठीक से बात नहीं की. सॉरी. पाइप सच में फट गया, गॅरेज में. आपने नहीं रोका होता तो..."

तो थोडा गोंधळला. टोपी सारखी केली. "मॅडम, मेरा काम है." मग बाबांकडे पाहून म्हणाला, "अंकल भी यही काम किया क्या?"

"तीस साल," बाबा म्हणाले.

"बैठने का स्टाइल से पता चला." आणि त्याने पुढच्या गाडीला हात केला.

शनिवारी आम्ही निघालो. उजाडताना हवेत गारवा होता, डोंगर तपकिरी, बोगद्यांतून दिवे सरकत होते. बाबांचे दोन्ही हात माझ्या जॅकेटला धरलेले. उतारावर एका वळणाअलीकडे मी ब्रेक दाबला, गाडी जिथे हवी तिथे हळू झाली. जुन्या पाइपवर हाच उतार मी कसा उतरले असते!

नवरा आणि लेक कारने मागून आले, थर्मास आणि उपम्याचा डबा घेऊन. खाणं झाल्यावर बाबा किनाऱ्यावरच्या बाकावर आडवे झाले, हेल्मेट उशाशी घेतलं, आणि उन्हात पाच मिनिटांत घोरायला लागले. लेक म्हणाली, "लेट हिम स्लीप, मम्मा." मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. टेस्टिंग सेंटरमधला तो माणूस त्या वेळी आणखी एखाद्या गाडीपाशी खाली बसलेला असेल. निळ्या टोपीशिवाय समोर आला तर मी त्याला ओळखणारही नाही. पण त्या सकाळी समुद्राकडे बघत मी त्याचं भलं व्हावं म्हणून जेवढ्या मनापासून मागितलं, तेवढं माझ्यासाठीही कधी मागितलं नसेल.