चिठ्ठीप्रमाणे सांभाळणे

कप खाली ठेवा आधी. हे ऐकताना माझ्या भावाच्या नाकातून चहा आला होता, आणि ही चादर नवी आहे.

तर मेघनाचा आणि माझा घटस्फोट होऊन तीन वर्षं होत आली. ती श्रीवर्धनला शाळेत शिकवते, मी इथे नागावला पर्यटकांना खोल्या देतो. आमची सई आठ वर्षांची, राहते आईकडे. आम्ही दोघं बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडण! म्हणून वकीलबाईंनीच तोडगा काढला, बोलू नका, लिहा. तेव्हापासून आमचा उरलासुरला संसार चिठ्ठ्यांवर चालतो.

गेल्या हिवाळ्यात मेघनाला चार दिवस पुण्याला प्रशिक्षण आलं. सई पहिल्यांदाच सलग चार दिवस माझ्याकडे! हे नीट पार पडलं तर मे महिन्याची अख्खी सुट्टी तुझ्याकडे, असं तिने लिहून कळवलं. आता मी किती कंबर कसली असेन, तुम्हीच सांगा.

न्यायला गेलो. मेघनाची कुत्री, राणी, नेहमीप्रमाणे माझ्यावर भुंकत होती. मेघनाने मुकाट्याने खिडकीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं आणि बॅग भरायला आत गेली. कट्ट्यावर चिठ्ठ्या दोन! कोणती माझी, एवढं विचारायचं की नाही माणसाने? पण विचारलं असतं तर आधी मी बोललो असं झालं असतं. म्हणून जी जाड होती ती उचलली. पोरीबद्दल आई जास्तच लिहिणार ना!

घरी येऊन उघडली. 'जेवण दोनदाच. मधे कितीही तोंडाकडे बघत बसली तरी काही द्यायचं नाही.'

दोनदाच? अहो, वाढत्या वयाची पोर!

'भातात सुकट कालवून द्यावी. अंघोळ फक्त रविवारी. घरात झोपत नाही, पडवीत पोतं अंथरावं. संध्याकाळी किनाऱ्यावर मोकळी सोडावी, दमली की येते. अनोळखी माणसं दिसली की आरडाओरड करते. मारू नये, नुसतं गप म्हणावं.'

माझं डोकंच फिरलं. "सई, तू तिकडे पोत्यावर झोपतेस?"

सईने माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग अगदी बिचारा चेहरा केला.

"हो बाबा. अभ्यासाचं काही लिहिलंय का त्यात?"

"नाही गं."

"मग नसेल करायचा."

मेघनाला विचारावं? पण नियम म्हणजे नियम. शिवाय मे महिना! एकही सूचना चुकवायची नाही असं ठरवलं, आणि मनातल्या मनात तक्रारअर्ज लिहायला घेतला. मेघनाचा रोज फोन यायचा तो सईच घ्यायची आणि "सगळं मस्त!" म्हणून ठेवून द्यायची.

ठाण्याच्या एक बाई खोलीतून बाहेर आल्या. पडवीत सई पोत्यावर लोळत होती, केसांत वाळू, अंगाला सुकटीचा वास. बाईंना पाहून तिने अशी किंकाळी फोडली की माडावरचे कावळे उडाले.

"गप," मी म्हणालो. चिठ्ठीप्रमाणे.

"अहो, कोणाची ही पोर?"

"माझीच."

"मग पोत्यावर का?"

"आईची लेखी सूचना आहे!"

बाईंनी दुपारी खोली सोडली.

पाचव्या दिवशी सईला पोचवायला गेलो. ओट्यावर मेघना होती आणि राणीला परत द्यायला आलेल्या शेजारच्या सुलभाकाकू. मी दोन वर्षांचा नियम तिथल्या तिथे मोडला.

"पोरीला असं वाढवतात का गं? कोर्टात दाखवीन ही चिठ्ठी!" आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचायला लागलो. सुकट झाली, पोतं झालं.

"मागचं पान वाच," मेघना म्हणाली.

मागे पण पान होतं? ते मी उलटलंच नव्हतं! उलटलं आणि त्याच तावात वाचलं, "'शेपूट हलवायला लागली की समजावं, राग गेला.'"

राणीने शेपूट हलवली.

"तरीच!" सुलभाकाकूंनी कपाळावर हात मारला. "चार दिस मी या कुत्रीसमोर बसून सातचा पाढा म्हनतेय. सकाळ-संध्याकाळ दात पन घासले तिचे. म्हटलं मास्तरीनबाई हाय, तिची काय तरी पद्धत असंल!"

आळी हसत होती. मला मात्र हसू येईना. मे महिना हातचा गेला, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात सईने आईची ओढणी ओढली. "आई, सुट्टीत मी बाबांकडेच जाणार. पण चिठ्ठी हीच द्यायची हं!"

मेघना हसली. माझ्यासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मे महिन्यात सई आली. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'सई', खाली दोन रेघा. अंघोळ रोज, पाढे रोज. मागचं पानही उलटून पाहिलं, कोरं होतं. पण पोरीने स्वतःजवळ आणखी एक चिठ्ठी लपवली होती, मला दाखवेना. ती अंघोळीला गेल्यावर हळूच काढली. वर मेघनाच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा'.

'भूक लागली की चिडतो, वेळेवर खायला द्यावं. आपणहून कधी काही विचारत नाही. विनाकारण आरडाओरड करतो. घाबरू नये, नुसतं गप म्हणावं.'

"अरे, ही काय पद्धत झाली!" मी ओरडलो.

न्हाणीघरातून आवाज आला, "गप!"

आणि बसलो की हो मी गप.