फक्कीच्या खुणेआधी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, कॉलेजातल्या जिवाभावाच्या दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तर असू द्या.

आधी मी कोण ते सांगतो. मी बी.ए. आहे. आमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर. हे मी कुठंही गेलो तरी सांगतो, लाज कसली? मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत तासिकेवर खेळ शिकवतो. तासिकेवर म्हणजे नोकरी आहे पण आणि नाही पण. आणि मला अमेरिकेतल्या खेळांचं वेड आहे.

हसलात ना? सगळेच हसतात. मोबाईलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा गावातली पोरं क्रिकेट आणि गाणी बघत होती, मी तिकडचं बास्केटबॉल बघायला लागलो. मग त्यांचं फुटबॉल, मग त्यांचं धावणं. त्यांच्याकडे रात्री सामना सुरू झाला की आपल्याकडे सकाळ होते. शाळेची घंटा व्हायच्या आधी मी पाण्याच्या टाकीपाशी जातो, तिथं रेंज चांगली येते. बातम्या बघतो आणि आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर बोलून पाठवतो. कोणी भिवंडीच्या गोडाऊनला, कोणी नाशिकच्या कंपनीत, कोणी इथंच नागलीच्या शेतावर. सगळे ऐकतात. निदान ऐकतो असं म्हणतात तरी.

तिकडं भर हंगामात खेळाडूंची अदलाबदल होते. सकाळी एका शहराचा असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराचा. त्याला विचारत पण नाहीत. हे मी ग्रुपवर समजावलं — समजा तुम्ही एका वीटभट्टीवर बसलात, आणि शेटनं परस्पर दुसऱ्या शेटशी बोलून तुम्हाला त्याच्या भट्टीवर पाठवलं. लगेच भिवंडीवाल्याचा आवाज आला, "मंग सर, आमीपण अमेरिकेचेच खेळाडू की!" त्यांचं फुटबॉल दाखवलं तेव्हा सगळ्यांना ते आमच्याकडच्या बोहाड्यासारखं, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवतात तसं वाटलं. डोक्यावर, खांद्यावर एवढं बांधून ही सोंगं चार पावलं पळतात आणि मग गोल करून सभा घेतात. "ठराव पास झाला का सर?" असं एकानं विचारलं होतं.

सध्या तिकडं कॉलेजच्या पोरांना खेळण्याचा मोबदला मिळायला लागलाय, त्यावरून वाद चाललाय. शिक्षणाचं वाटोळं होईल म्हणतात. माझं मत मी स्पष्ट दिलं — गरिबाच्या पोरानं फुकट का पळावं? त्याच्या पळण्यावर बाकीचे जगतात ना? मला खेळानं वर काढलं, म्हणून मी हे बोलू शकतो. असं मी बोललो. मला खेळानं वर काढलं.

कसं काढलं — तेच सांगायचंय. पण थोडं थांबा.

अमेरिकेचे धावपटू जगात सगळ्यात जोरात पळतात. एकेकटे पळवा, कोणी हात लावणार नाही. पण चार जणांची शंभर-शंभर मीटरची रिले आली की त्यांचं काहीतरी बिनसतं. एकाच्या हातातली दांडी दुसऱ्याच्या हातात जाताना पडते, नाहीतर ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर जाऊन पोचते, आणि संघ बाद. एकदा नाही, कितीदा तरी. मागच्या ऑलिम्पिकातही तेच झालं. ग्रुपवर मला विचारणा झाली. सर, चूक कुणाची? देणाऱ्याची का घेणाऱ्याची?

मी ती चित्रफीत हळू करून बघितली. पुन्हा बघितली. घेणारा लवकर सुटला होता. आंधळ्यालाही दिसेल इतकं स्पष्ट होतं. देणारा बिचारा हात लांब करून मागं पळतोय आणि पुढचा हाताला लागतच नाही. हे बघून मी ग्रुपवर काय बोललो? मी म्हणालो, देणारा मंदावला. रिलेत बहुतेक वेळा देणाऱ्याचीच चूक असते, तो शेवटी थकतो.

अमेरिकेतल्या शर्यतीबद्दल मोखाड्यात बसून खोटं बोलायची मला काय गरज होती? त्या संघाशी माझं काय देणंघेणं?

थोड्या वेळानं काशिनाथचा आवाज आला. "बरोबर हाय सर. माझंबी तसंच झालेलं ना."

काशिनाथ माझ्याच पाड्यावरचा. आम्ही एकाच आश्रमशाळेत होतो, एकाच खोलीत ट्रंकेला ट्रंक लावून झोपायचो. पावसाळ्यात तो शेती करतो आणि दिवाळीनंतर बांधकामावर ठाण्याला जातो. चारचौघांत मला सर म्हणतो, दोघंच असलो की पक्या. शाळेत तो माझ्यापेक्षा जोरात पळायचा. हे लिहायला मला वेळ लागला, म्हणून परत लिहितो — काशिनाथ माझ्यापेक्षा जोरात पळायचा.

आमच्या रिलेत तो तिसरा आणि मी शेवटचा. आमच्याकडे खरी दांडी नव्हती, बांबूचं एक कांडकं तासून घेतलं होतं. आमच्या खेळाच्या सरांनी आम्हाला पक्कं शिकवलं होतं. शेवटच्यानं आपल्या जागेपासून मागं पावलं मोजायची आणि जमिनीवर फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकून खूण करायची. मागून येणाऱ्याचा पाय त्या पांढऱ्या खुणेवर पडला की सुटायचं. मग वळून बघायचं नाही. तो "हात!" म्हणून ओरडेल, तेव्हा हात मागं. बस. सगळा खेळ त्या खुणेवर. ती तुम्ही नीट पाळलीत तर दोघं एका वेगात येता आणि दांडी आपोआप हातात बसते. किती वेळा बसली होती आमची! सर म्हणायचे, तुम्हा दोघांत एकच माणूस पळतोय असं वाटतं.

विभागीय स्पर्धेला क्रीडा वसतिगृहाचे एक प्रशिक्षक आले होते. शहरात राहायची सोय, खाणं, बूट, पुढं कॉलेजपर्यंतचं शिक्षण — आणि ते आमच्या शाळेतून एकाला नेणार होते. वैयक्तिक शर्यती झाल्या होत्या. काशिनाथ माझ्या पुढं होता. रिले शेवटची. प्रशिक्षक शेवटच्या वळणापाशी, माझ्याच पट्टीच्या कडेला उभे होते. मी त्यांचे बूट बघत होतो, मला आठवतंय.

माझ्या डोक्यात काय होतं? एवढंच, की यांना माझी सुटण्याची झेप दिसली पाहिजे. काशिनाथ वळणावरून येत होता, पहिल्या नंबरवर होता. तो खुणेच्या बराच मागं असताना मी सुटलो. माहीत असून सुटलो. चुकून पाय उचलला असं नाही. मला खूण दिसत होती, त्याचा पायही दिसत होता.

तो ओरडला, "हात!" मी ऐकलं. हात मागं नेला. पण तो पोचणार कसा? त्यानं अंग पुढं झोकलं, कांडक्याचं टोक माझ्या बोटांना लागलं आणि ते खाली पडलं. मागं धप्प आवाज आला. काशिनाथ तोंडावर आपटला होता, हनुवटी फुटली होती. बाकीचे संघ बाजूनं निघून गेले.

सर धावत आले. काय झालं रे? काशिनाथ मातीतून उठत होता, त्याच्या आधी मी बोललो. "हा खुणेपाशी मंदावला सर. आवाजपण उशिरा दिला." सरांनी त्याच्याकडे बघितलं. तो हनुवटी धरून उभा. मला वाटलं आता हा मला फाडून खाणार. तर तो म्हणाला, "माझंच चुकलं असंल सर. दमलो मी."

असंल म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. मान खाली घालून पळणाऱ्याला पुढचा कधी सुटला हे कळत नाही, त्याला फक्त अंतर वाढताना दिसतं. आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरं कारणच त्याला सुचलं नाही. पक्या खुणेआधी सुटेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

प्रशिक्षकांनी माझी झेप बघितली होती, खूण नाही. त्यांनी विचारलं, मंदावणारा कोण? सरांनी सांगितलं. ते मला घेऊन गेले.

वसतिगृह, बारावी, कॉलेज, बी.ए. — सगळं त्यानंतर. पहिला पदवीधर. पाड्यावर माझा सत्कार झाला तेव्हा नारळ काशिनाथनंच आणला होता. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली होती. त्याची कधी कुठं तक्रार नाही. उलट ती शर्यत तो स्वतःच गमतीनं सांगतो. लग्नात, बाजारात, कुणी माझं कौतुक केलं की हा पुढं होतो. "मी स्टिक पाडली म्हणून हा सर झाला, नायतर हा आज माझ्यासंगं सेंट्रिंगला असता!" सगळे हसतात. मीही हसतो. कितीतरी वर्षं हसतोय.

इथवर असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. माणूस अशा गोष्टीबरोबर जगतो, जेवतो, झोपतो. मला काही झोप लागत नाही असं नाही — मला उत्तम झोप लागते.

पण यंदा काशिनाथची पोरगी रोशनी माझ्या शाळेत नववीत आली. घरी मला काका म्हणते, शाळेत सर. पहिल्याच दिवशी मी तिचं पळणं बघितलं. बापाचंच पळणं. तेच गुडघे, तशीच मान खाली. मुलींच्या रिलेत मी तिला तिसऱ्या नंबरवर घेतलं. दांडी तिच्या हातात अशी बसायची की बाकीच्या पोरी म्हणायच्या, हिच्या हाताला डिंक लावलाय. संघ चांगला झाला होता. पोरगी इतकी खूश, की सुटी झाली तरी मैदान सोडायची नाही.

आणि एका रविवारी काशिनाथ खोडाळ्याच्या बाजारात भेटला. मला भज्यांच्या गाडीपाशी बाजूला घेतलं. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "पक्या, पोरीला त्या रिलेत नको घालू."

मी म्हणालो, "का रं? चांगली पळते."

"पळंल ती. एकटीला पळव. पण आपले हातात स्टिक नाय टिकत. माझेमुळं बाकीच्या तिघांचं गेलं, अजून तोंड दाखवाया लाज वाटतं. तिच्या नशिबी तसा नको." मग हसून म्हणाला, "तू मोठा माणूस, अमेरिकेचं सांगतंस. त्या अमेरिकेवाल्याचंबी तसंच झाला ना? तूच बोललेला."

हा माणूस गमतीनं सांगत नव्हता इतकी वर्षं. मला तेव्हा कळलं. भज्यांचा कागद हातात धरून मी उभा होतो. आजूबाजूला बाजाराचा गोंगाट होता, कुणाला ऐकूही गेलं नसतं. एक वाक्य होतं. काश्या, मी लवकर सुटलो होतो. एवढंच. एवढं बोलायला पदवी लागते का?

मी म्हणालो, "बरं. बघतो."

सोमवारी मी रोशनीला रिलेतून काढलं. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. कारण काही सांगितलं नाही, मी सर आहे, मला कोण विचारणार? ती दोन्ही हात मागं घेऊन उभी राहिली. सराव संपल्यावर सगळ्या पोरी जेवायला गेल्या आणि ती एकटी परत आली. मी फक्कीचं घमेलं उचलून खोलीत ठेवत होतो. दाराशी थांबली.

"काका," म्हणाली. शाळेत असून काका म्हणाली. "बाबानं सांगितलं ना तुमाला?"

मी घमेलं खाली ठेवलं.

"बाबा बोलतो आमचे घरात कुणाचे हातात स्टिक राहत नाय. तुमी होते ना तवा. बाबानं खरंच पाडलेली?"

तिथं दुसरं कोणीच नव्हतं. तिला खरं सांगितलं असतं तर ते घरी गेलं असतं, एवढंच झालं असतं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगेन ते ती खरं मानणार होती, जसं तिच्या बापानं मानलं होतं.

मी म्हणालो, "हो. पाडलेली."

"मंग बाबाचं बरोबर हाय," ती म्हणाली, आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.