दुसरा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही: माझ्या साडूंचा अ‍ॅम्प्लिफायर मी खोटं बोलून निवडला. आणि जव्हार-मोखाड्यात त्यांच्याइतकं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं झालेलं नाही.

साडू साखरशेतचे, प्राथमिक शिक्षक. मोखाड्याच्या बाजारात मडकं घ्यायचं तर ओळीतली सगळी वाजवून बघायचे आणि पहिलंच घ्यायचे. लग्नात पंगतीतून उठून लाउडस्पीकरवाल्याला गाठायचे, "दादा, तुझा भटजी नाकात बोलतोय, जरा जाड कर." अ‍ॅम्प्लिफायरपायी त्यांनी दोन वर्षं घालवली. व्हॉल्व्हचा आवाज गोड, असं एक दुकानदार म्हणाला, तर हे म्हणाले, "तुमचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत आमची लाईट जाते. ट्रान्झिस्टरचाच दाखवा." दुसरा वॅट मोजायला लागला. "वाट आमची आम्हाला ठाऊक आहे. श्वास ऐकवा!"

हा श्वास त्यांच्या बाचा. बा तारपा वाजवायचा, वाळक्या भोपळ्याचं ते फुंकायचं वाद्य. तारप्याचा सूर मध्ये तुटत नाही. वाजवणारा फुंकता फुंकताच नाकाने श्वास ओढून घेतो. बा गेल्यावर त्याची एकच कॅसेट उरली होती, ती साडू रुमालात बांधून दुकानोदुकानी फिरवत. तो नाकातला श्वास घरी बसून ऐकायचा, एवढाच सगळा खटाटोप.

शेवटी नाशिकच्या एका दुकानात निवडीला दोन अ‍ॅम्प्लिफायर, दोन डबे उरले. साडूंनी दोन्हींवर कॅसेट इतक्यांदा लावली की दुकानदार मध्ये जेवून आला. मग माझ्याकडे वळले. मी तहसीलमध्ये कारकून, म्हणून तेही मला भाऊसाहेबच म्हणत. "भाऊसाहेब, माझा कान बाच्या बाजूचा झालाय, हवं तेच ऐकतो. तुम्ही सांगा."

पहिल्या डब्यात श्वास स्वच्छ ऐकू आला, म्हातारा शेजारी बसल्यासारखा. दुसऱ्यात नुसता तारपा. पण पहिला डबा मी मघाशी उचलून पाहिला होता. जात्याची तळी परवडली, इतका जड. एसटी सोडते त्या फाट्यापासून साखरशेतपर्यंत सगळा चढ, साडूंची कंबर धरलेली, म्हणजे खांदा माझाच.

"दुसरा," मी म्हणालो.

"नक्की?"

"श्वास दुसऱ्यातच आहे, गुरुजी."

घरी त्यांनी कॅसेट लावली, स्पीकरच्या जाळीला कान टेकवला. पुन्हा लावली. मग हसून म्हणाले, "तुमचा कान तरुण, भाऊसाहेब. आमचा गेला." तेव्हापासून ते कानात कोमट तेल घालायला लागले. वर्गात सांगायचे, "मोठ्याने बोला रे, गुरुजी बहिरे झालेत." मी गेलो की मला जाळीशी बसवतात. "आला?" मी म्हणतो, "आला." मग ते मान डोलावतात, जणू त्यांनाही आला.

कॅसेट आता झिजलीय. तो पहिला डबा शोधून आणला तरी त्यातून काही निघायचं नाही. साडूंना मी एकच वाक्य देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही: गुरुजी, तुमचा कान शाबूत होता, मी माझा खांदा वाचवला.