सासूबाईंचं आजारपण

दूरशिक्षणाच्या एमबीएचे पेपर द्यायला मी पुरानी बस्तीतल्या एका शाळेत जायचो, तेव्हा तो माझ्याच बाकावर असायचा. नाव कधी विचारलं नाही. वय चाळिशीचं, नोकरी गोदामात. परीक्षेसाठी रजा मिळत नसे, म्हणून दर पेपरला तो साहेबाला सासू आजारी असल्याचं सांगायचा.

"तिनंच सुचवलं, भाऊ," पेनाचं टोपण चावत तो म्हणायचा. "म्हणते, खुशाल मले दवाखान्यात टाका, जावईबापू. तुमची डिग्री येईपर्यंत मी मरत नाही."

शेवटच्या पेपरला त्याचा पाय थांबेना. सगळा बाक हलत होता, माझं अक्षर बिघडत होतं. त्यात प्रश्न आला: कर्मचारी खोटी कारणं सांगून रजा का घेतात? मला हसू फुटलं. त्याने तो प्रश्न कोराच सोडला.

बाहेर आल्यावर मी वैतागून विचारलं, "पाय काहून एवढा हलवून राहिले होते, भैया?"

"सासूले खरंच भरती केलं. पेपरले तिनंच धाडलं." तो स्कूटरला किक मारत होता, ती सुरूच होईना. "उद्याची रजा मागितली, तर साहेब हसला. म्हणे, आता तरी बहाणा बदल."

त्या प्रश्नावर मी तीन पानं लिहिली होती.