मेहुण्याचा आशिया

२००६ ची भाऊबीज. आमच्या नाशिकच्या घरी ओवाळून झालं आणि मेहुणा नंदू जेवायला बसला... सोबत अख्खा आशिया घेऊन.

पाठीवर एक सॅक टाकून हा बाबा चार महिने भटकून आला होता. बँकॉकची टुकटुक, मनिलाची जीपनी, लाओसमधली नदीतून रखडत जाणारी होडी... प्रत्येक वाहनागणिक बायको त्याच्या ताटात एक करंजी वाढत होती. मी रोज एसटीने निफाडला नोकरीला जातो, त्यावर मला कुणी कधी चहासुद्धा विचारलेला नाही.

"दाजी, व्हिएतनामच्या बसमध्ये झोपायला बर्थ असतात!"

"आमच्या निफाडच्या गाडीत शेजारचा आपल्याच खांद्यावर झोपतो. बर्थ लागतो कशाला?" कोणी हसलं नाही...

हो, जळत होतो मी. भुईचक्रासारखा, जागच्या जागी.

इतक्यात ही म्हणाली, "नंद्या, तू आणलेली ती साडी ने परत. ओवाळणी म्हणून पुढच्या वेळी मला घेऊन जा... ह्यांचं काही खरं नाही."

हे मात्र लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे साधं महाबळेश्वरही मागितलं नव्हतं. हौस नव्हती असं नाही... माझ्याकडून ती पुरी होईल असं वाटत नसणार.

मे महिन्यात आम्ही दोघं थायलंडला गेलो. सॅक नंदूचीच... ती मागताना काय वाटलं ते विचारू नका.

तिथे एका लहान गावच्या स्टँडवर बस आली. ही गर्दी! नाशिकच्या स्टँडवर करतो तेच केलं... धावत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. जागा पकडली! वळून हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

आत शिरतो तर त्या सीटवर एक आजी. माझ्या रुमालाची त्यांनी छान घडी घातली होती. बिचाऱ्याचा चुकून पडला, असं समजून दोन्ही हातांनी, मान लववून तो मला परत दिला... आणि सरकून हिला शेजारी बसवून घेतलं.

मी दांडा धरून उभा. ही तोंडाला ओढणी लावून हसतेय, डोळ्यांतून पाणी...

"अहो," कशीबशी म्हणाली, "नंद्याबरोबर आले असते ना, तर ही मजा नसती हो आली!"

पुढचा सगळा रस्ता मी उभ्याने केला, आणि खरं सांगतो, पाय दुखले नाहीत. त्या आजींचे मनापासून आभार. नंदूचेही... पण फक्त इथे. तोंडावर मानणार नाही, आधीच त्याला फार चढलंय.